दोन्ही डाव्या हाताचे मोजे

साल त्र्याहत्तर संपत आलं होतं आणि मी चोवीस वर्षांचा होतो. चोवीस हे मायच्या सांगण्यावरून. शाळेच्या दाखल्यावर मी दोन वर्षांनी मोठा आहे, कारण मास्तरांनी मला पाहून अंदाजानं तारीख टाकली आणि मी तेव्हाही अंगानं दांडगाच होतो. शाळा तिसरीपर्यंत झाली. चौथीत एका गणितावरून मास्तर म्हणाले चूक, मी म्हणालो बरोबर, आणि मी पाटी उचलून घरी आलो. ते गणित माझ्या मते अजूनही बरोबरच आहे.

इंझोरीकडून कारंज्याला येणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. कारंज्याच्या एका जिनात, जिथं कापसातून सरकी काढतात, मी कापूस वाहायच्या कामावर होतो. सातला भोंगा व्हायचा. सायकलनं पाऊण तास लागे, पण पौषातली थंडी अशी की आमच्या बौद्धवाड्यातल्या निळ्या झेंड्यापासून सायकलवर बसलो की नाल्याच्या उतारापर्यंत बोटं माझी नसायची. हँडलचं लोखंड हाताला चावायचं. ब्रेक दाबला की दाबला गेला का नाही हे डोळ्यांनी पाहावं लागे. एका सकाळी तो दाबला गेला नव्हता आणि मी सायकलीसकट एका तुरीच्या वावरात गेलो. ही गोष्ट मी जिनात कोणाला सांगितली नाही, पण अंगावर तुरीचा पाला घेऊन गेलो होतो, त्यामुळे सांगायची गरज पडली नाही.

जिनच्या फाटकासमोर, चहाच्या हॉटेलाला लागून, एका मुसलमान शिंप्याची मशीन होती. सगळे त्याला चाचा म्हणत. वयानं माझ्या बापाएवढा, दाढी मेंदीची, आणि बोलण्यात सुईसारखा. मला तो पहेलवान म्हणायचा. त्यानं तुरीचा पाला पाहिला आणि म्हणाला, "जयभीम पहेलवान. आज वावरातून आले काय?"

"सलाम चाचा. रस्ता खराब आहे."

"रस्ता तं तोच हाय. हात दाखव."

त्याच्याकडे एका जुन्या मिलिटरी कोटाचं जाड, लोकरी खाकी कापड उरलं होतं. त्याचे त्यानं मला हातमोजे शिवून द्यायचं ठरवलं. पाच बोटं वेगळी शिवायला वेळ लागेल म्हणून अंगठा वेगळा आणि बाकीच्या चार बोटांची मिळून एक पिशवी. हँडलवर हात घसरू नये म्हणून तळव्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. कल्पना त्याचीच. पण मापाच्या वेळी गोंधळ झाला. माझ्या उजव्या हातात चहा होता. तो म्हणाला कप ठेव, मी म्हणालो चहा गरम आहे. मग त्यानं डावा हात कापडावर ठेवून खडूनं आखला, आणि तोच दुसऱ्यांदा आखला.

त्यामुळे मोजे झाले दोन, आणि दोन्ही डाव्या हाताचे. उजव्या हातात घातला की ट्यूबचं रबर तळव्याला न येता हाताच्या पाठीवर यायचं. मी म्हणालो, "चाचा, तुमी चुकले." तो म्हणाला, "तू कप ठेवला असता तं चुकलो नसतो." हा वाद आठ दिवस चालला. उसवून दुरुस्त करून देतो असंही तो म्हणाला, पण त्याआधी मी चूक माझी म्हणावी अशी त्याची अट होती. मी उजव्या हाताच्या पाठीवर रबर घेऊन सायकल चालवली.

पण मोजे कसे होते ते सांगतो. आग होते आग. नाल्याच्या उतारावर मी मुद्दाम सावकाश जायचो, थंडीला दाखवायला.

एका शुक्रवारी डाव्या मोज्याच्या अंगठ्याची शिवण उसवली. म्हणजे दोन्ही डावेच, पण जो डाव्या हातात घालायचो त्याची. चाचाची खाकी रीळ संपली होती म्हणून त्यानं हिरवा धागा दुहेरी करून अंगठा भरला आणि मोजे माझ्या अंगावर फेकले. परतताना चार वाजताचं ऊन असतं, मोजे लागत नाहीत. मी ते कुठं ठेवले हे तेव्हा लक्षात ठेवलं नाही, कारण पोटात कळा येत होत्या. त्या दिवसांत माझं पोट फार दुखायचं. घरी पोचलो, भाकरीची पिशवी मायपुढं टाकली, पोट धरून बसलो आणि म्हणालो, "माय, आंब काढ वो."

आंब म्हणजे हरभऱ्याची. थंडीत हरभऱ्याच्या पाल्यावर दंव पडतं आणि पाल्याचा आंबटपणा त्यात उतरतो. पहाटे ऊन यायच्या आत पाल्यावरून फडकं फिरवायचं, भिजलं की शिशीत पिळायचं. पोटदुखीवर आमच्याकडे दुसरं औषध नव्हतं, आणि मला विचाराल तर अजूनही नाही. आमचं दोन एकर वावर, त्यात त्या साली हरभरा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे नाहीत. सायकलला पाहिलं, पिशवीत पाहिलं, अंथरुणात पाहिलं. माय वावरात गेली होती. बायको चुलीपाशी होती. तिला विचारलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि महिन्यापूर्वी तिच्या पायातलं जोडवं हरवलं तेव्हा मी तिला ऐकवलं होतं, "ज्याले आपली वस्तू सांभाळता येत नाही, त्यानं वस्तू वापरू नये." असं बोलून बसलेला माणूस मोजे कुठं आहेत असं कोणत्या तोंडानं विचारणार? मी उघड्या हातानं सायकल काढली.

ती दारात आली. "हात गारठतीन नं तुमचे."

"मरदाले थंडी लागते काय?"

ती माझ्याकडे अशी पाहून हसली की मला वाटलं, बोलणं फार चांगलं झालं.

तेव्हापासून घरातलं वागणं बदललं. माझ्या भाकरीवर तेल जास्त पडायला लागलं. माय संध्याकाळी माझे हात आपल्या हातात घेऊन चोळायची. शेजारची म्हातारी एकदा मला पाहून म्हणाली, "पोरगा असावा तं असा." मी काही विचारलं नाही. आपल्याला लोक चांगलं म्हणतात तेव्हा कारण विचारायची माझी सवय नाही.

आंब रोज संध्याकाळी मिळत होती. चमचाभर आंब, पाणी, वर मीठ. पहिल्याच दिवशी मी तोंड वाकडं केलं.

"माय, याले रबराचा वास येऊन राह्यला."

"यंदा हरभऱ्याले खत टाकलं नं."

"अन् हा केस कायचा?"

"पाल्यावर काय काय असते बापू. गाळून घे अन् पे."

मी प्यालो. पोट तीन दिवसांत थांबलं. मला इतका आनंद झाला की चौथ्या दिवशी मी एक छोटी शिशी भरून चाचासाठी नेली. त्यालाही गॅस व्हायचा. "आमच्या वावराची हाय," मी म्हणालो, "अशी तुमाले कारंज्यात भेटणार नाही." त्यानं शिशी उजेडात धरली, हलवली, मशीनच्या खणात ठेवली.

इकडे माझे हात फुटायला लागले. सकाळी दोनदा कोणाच्या तरी शेकोटीपाशी थांबावं लागे आणि भोंगा चुकायची पाळी यायची. आणि डोक्यात एकच, मोजे गेले कुठं? मी हरवले हे तर शक्यच नव्हतं. मी आयुष्यात काही हरवलेलं नाही. मग शेवटचे ते कोणाच्या हातात होते? चाचाच्या. त्यानं फेकले खरे, पण मी झेलले का? विचार करत गेलो तसतसं मला दिसायला लागलं की झेललेच नाहीत. ते त्याच्याच मशीनखाली पडले, त्यानं ठेवून घेतले, आणि आता गुपचूप उसवून एक उजवा करणार, मग माझ्यापुढं टाकून म्हणणार, पाह्य, पैल्यापासून बरोबरच होते. आठ दिवसांचा वाद जिंकायला असं कोणीही करेल. मी केलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत हॉटेलासमोर मी हे बोललो. चार लोक होते.

"चाचा, मोजे वापस करा."

"कोणते मोजे?"

"माहे. तुमीच ठेवून घेतले. आपली चूक लपवायले."

त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "मी ठेवून घेतले? तुहे मोजे?"

"मंग गेले कोठी?"

"पहेलवान, मी चाळीस साल लोकाइचे कपडे शिवून राह्यलो. चिंधी उरली तरी वापस देतो."

मी म्हणालो, "चिंधीचं नाही बोलून राह्यलो. मोज्याचं बोलून राह्यलो."

मी फक्त वादाबद्दल बोललो होतो. पण चहाच्या हॉटेलात गोष्ट जशी टाकली तशी राहत नाही. संध्याकाळपर्यंत ती जिनभर फिरली आणि फिरता फिरता त्यातला वाद गळून पडला. दुसऱ्या दिवशी एक गाडीवान शर्ट न्यायला आला तो चाचासमोर उभा राहून बटणं मोजत होता. हसत मोजत होता, पण मोजत होता. एका शेतकऱ्यानं पोरीच्या लग्नाचं कापड टाकलं होतं, तो म्हणाला, शिवायचं जरा लांबलं, आणि कापड परत घेऊन गेला. चाचानं बेतलेलं कापड घडी करून दिलं आणि वर उरलेला अर्धा हात तुकडा ठेवला. मग त्यानं मशीनवर कपडा टाकला आणि भर दुपारी स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसला. त्याचे हात रिकामे मी तोवर पाहिले नव्हते.

मला वाईट वाटलं. पण मी माझं म्हणणं मागं घेतलं नाही, कारण ते बरोबर होतं असं मला वाटत होतं. वाईट वाटणं वेगळं.

सुट्टी झाली तसा त्यानं मला हाक मारली. हॉटेलातले सगळे बाहेर आले. त्यानं खणातून माझी आंबेची शिशी काढली, उजेडात धरली. तळाशी काहीतरी बारीक बसलं होतं. त्यानं बूच उघडलं, लांब सुई आत घातली आणि एक धागा वर काढला. बोटभर लांब, हिरवा, दुहेरी.

"हे काय हाय, पहेलवान?"

"पाल्याची शीर असन."

"पाल्याच्या शिरेले गाठ असते काय?" त्यानं टोक दाखवलं. गाठ होती. "ही गाठ माही हाय. असा शेवट कारंज्यात दुसरा कोणी करत नाही. तुह्या मोज्याच्या अंगठ्याले मारली होती. आता तू सांग, माह्या मशीनखालचा धागा तुह्या मायच्या औषधात कसा गेला?"

लोक हसले. इथं शहाणा माणूस गप्प बसला असता.

मी म्हणालो, "धाग्यानं काय होते? माह्या घरात मोजे निघाले नं, तं गावातून इथवर सायकल हातात धरून पायी येईन. मोजे हातात घालून येईन. अन् सगळ्याइच्या म्होरं तुमच्या मशीनपाशी कान धरीन."

"सगळ्याइनं ऐकलं?" चाचानं विचारलं.

सगळ्यांनी ऐकलं होतं.

त्या दिवशी पाऊण तासाचा रस्ता मी अर्ध्या तासात कापला. घरात शिरलो तर माय चुलीपाशी, बायको तूर निवडत होती. चुलीमागच्या खुंटीवर, जिथं आम्ही बियाण्याची दोडकी टांगतो, तिथं दोन काळपट दोडकी लोंबत होती. गेले सहा दिवस मी त्यांच्याखाली बसून जेवत होतो. पुढं जाऊन हात लावला. दोडक्याला अंगठा होता.

"माय, हे काय हाय?"

"तुहे मोजे."

"अन् इथं कायले टांगले?"

"मंग कोठी ठेवू? पहाटे ओले होते, चुलीपाशी वाळते."

"तुले देल्ले कोणं?"

माय माझ्याकडे पाहतच राहिली. "कोणं म्हणजे? तूनंच तं देल्ले. शुक्करवारी आला, आंब काढ म्हटलं, अन् पिशवी माह्या पुढ्यात टाकली. पाह्यतो तं आत मोजे. मले समजलं बापू. माह्या हाताले भेगा पडल्या, आंब झोंबते, म्हणून पोरानं आपल्या हातचे मोजे काढून देल्ले अन् तोंडानं सांगतलं बी नाही. अन् फडक्यापेक्षा दुप्पट पाणी पेते ते. पाल्यावरून हात फिरवला का पिळायचं, फिरवला का पिळायचं." मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "एवढ्या थंडीत उघड्या हातानं जाते माहं लेकरू. साऱ्या वाड्यात सांगतलं मी."

मी खुंटीपाशी उभा राहिलो. भाकरीवरचं तेल, हात चोळणं, म्हातारीचं बोलणं, सगळं एकदम समजलं. आंबेतलं रबर आणि केसही समजले. सहा दिवस मी माझेच मोजे पिळून पीत होतो, आणि वर चाचालाही पाजायला निघालो होतो.

खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते निघाले नाहीत. तिनं वाड्यात सांगितलं होतं. मायची गोष्ट खोटी पाडायची का आपली अब्रू खरी करायची, हे त्या क्षणी मला ठरवता आलं नाही, आणि योगायोग असा की दोन्हीचं उत्तर गप्प बसणं हेच होतं. माय जाईस्तोवर मी तिला सांगितलं नाही. आता ती नाही म्हणून लिहितो.

"माय, शिशी भरली काय?"

"भरली नं. दोन भरल्या."

"मंग उद्या मोजे मी नेतो. चाचाले शिवण दाखवायची हाय."

"नेय बापू. तुहेच हायेत."

बायको तूर निवडता निवडता थांबली होती. एकच दाणा ती खूप वेळ बोटांत फिरवत होती.

सकाळी कोंबडं आरवलं तसा उठलो. मोजे वाळून पापडासारखे कडक झाले होते आणि आंबट वास मारत होते. बोटं घालताना कडकड आवाज झाला. डाव्या हाताच्या अंगठ्याला हिरवा धागा निम्माच उरला होता. सायकल बाहेर काढली आणि हातात धरून चालायला लागलो.

माय अंगणातून ओरडली, "काहून रे, पायी कायले?"

"हवा नाही चाकात."

बायको पुढं आली, वाकून दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली आणि हळूच म्हणाली, "हवा तं लय हाय. तुमच्यात बी अन् चाकात बी." मग तोंडावर पदर घेऊन घरात गेली. माझ्या जोडव्याच्या बोलण्याची परतफेड तिनं तिथं पूर्ण केली.

रस्त्यात त्या दिवशी साऱ्या मुलखाला माझी काळजी. एका बैलगाडीवाल्यानं विचारलं, "पंक्चर काय भौ? टाक सायकल मांगं, बस." मी नाही म्हणालो. एकजण सायकलवरून उतरून पंप काढायला लागला, त्याला थांबवलं. तिसरा म्हणाला, "चेन तुटली?" मी म्हणालो, "नाही." "मंग?" "चालावंसं वाटते." तो मागं वळून वळून पाहत गेला. अडीच तास. नाल्याच्या उतारावर सायकल आपोआप पुढं धावत होती आणि मी तिला मागं ओढत होतो. शब्द दिलेला माणूस म्हणून उतारावरही बसलो नाही. पाहायला तिथं कोणी नव्हतं, पण मी होतो.

जिनपाशी पोचलो तेव्हा भोंगा व्हायचा होता. हॉटेलासमोर नेहमीचे लोक, उलट जरा जास्तच. बटणं मोजणारा गाडीवानही होता. चाचाच्या मशीनवर कपडा तसाच. तो स्टुलावर बसला होता. मी सायकल झाडाला टेकवली, दोन्ही हात वर करून मोजे सगळ्यांना दाखवले आणि मोठ्यानं म्हणालो, "मोजे माह्या घरात निघाले. चाचानं घेतले नव्हते. ज्यानं ज्यानं ऐकलं होतं त्यानं हे बी ऐकावं."

मग गाडीवानाकडे पाहून म्हणालो, "अन् तू आता जाऊन बटणं वापस मोज. एखादं जास्तच निघन."

लोक हसले, गाडीवान सगळ्यांत मोठ्यानं. लग्नाचं कापड नेणारा शेतकरी तिथं नव्हता. त्याच्या गावचा एकजण होता, त्याला मी दोनदा सांगितलं.

चाचा उठला. माझ्या हातांजवळ नाक आणलं आणि मागं सरकला. "या अल्ला. हे औषध मी परवा एक चमचा पेलो."

"पोट कसं हाय मंग?"

"बरं हाय," तो चिडून म्हणाला. "आता कान."

मी दोन्ही हातांनी दोन्ही कान धरले. सगळ्यांसमोर, त्याच्या मशीनपाशी, भोंगा होईपर्यंत. चाचानं मशीनवरचा कपडा ओढून बाजूला टाकला, हात पुढं केला आणि म्हणाला, "काढ आता. अंगठा उसवला तो भरतो, अन् उजव्याचा उजवा बी करून देतो. बिनाशर्त."

मी मोजे काढून दिले आणि कामाला गेलो. पण एक गोष्ट तेव्हाही सांगितली होती आणि आताही सांगतो. कान मी मोजे घालून धरले होते. माझी बोटं कानाला लागलेली नाहीत.